थंडीत डिझेल गाडी सुरू होईना : दर वेळी दोष हीटर प्लगचाच कसा?

गारठा वाढला की एक संदेश ठरल्यासारखा फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा : "डिझेल गाडी सकाळी सुरू व्हायला त्रास देत असेल तर हीटर प्लग गेलेत, चारही बदलून टाका. दिवे लागतात, हॉर्न वाजतो म्हणजे बॅटरी ठीक आहे. तोवर अ‍ॅक्सिलरेटर दाबून सेल्फ मारा, टाकीत थोडं रॉकेल घाला, अगदीच अडलं तर एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारा. सुरू झाली की दहा मिनिटं उभ्या उभ्या गरम होऊ द्या." खाली 'जुन्या मिस्त्रींचा अनुभव' अशी मोहोर.

हे सल्ले हवेतून आलेले नाहीत, पंचाईत तीच आहे. यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या इंजिनाला एके काळी लागू होता. म्हणून सरसकट हसण्यावारी न नेता एकेक तपासू.

"सुरू होत नाही म्हणजे हीटर प्लग गेले"

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा साधारण 16 ते 20 पट दाबली जाते, त्या दाबाने ती 500 अंशांच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. इंजिन गारठलेलं असलं की ही उष्णता सिलिंडरच्या भिंती आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) शोषून घेतात. ती तूट भरून काढायला हीटर प्लग, म्हणजे विजेने तापणाऱ्या छोट्या सळ्या, असतात. इथपर्यंत संदेशाचं बरोबर आहे.

पण किती गारठा? जुन्या, हेडमध्ये वेगळा प्री-चेंबर (डिझेल आधी पेटतं ती छोटी खोली) असलेल्या इंजिनांना जवळजवळ प्रत्येक गार स्टार्टला प्लग लागत. साधी हवा असतानाही लागत. संदेशातलं शहाणपण त्या काळातलं आहे. थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणाऱ्या कॉमन रेल इंजिनाचं (यात सगळ्या नोझलना, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोट्यांना, एकाच जास्त दाबाच्या नळीतून, 'रेल'मधून, डिझेल मिळतं) तसं नाही. पारा शून्याच्या वर असेल तर निरोगी कॉमन रेल इंजिन बहुधा प्लगांशिवायही सुरू होतं, फार तर थोडं खडखडतं आणि धूर सोडतं. तेव्हा 12-15 अंशांना अशी गाडी मिनिटभर सेल्फ मारूनही हलत नसेल, तर दोष प्लगांवर ढकलणं म्हणजे आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी.

प्लग खरंच गेला असेल तर गाडी ते सांगते. चारातला एक गेला तर गाडी सुरू होते, पण पहिला अर्धा मिनिट एका सिलिंडरवर मिस मारते आणि पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर सोडते. तपासायलाही सोपं आहे. प्लगची वायर काढायची, मल्टिमीटर ओहमवर ठेवायचा, एक टोक प्लगला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला. चांगला प्लग साधारण 1 ओहमच्या आसपास दाखवतो, थोडं कमीजास्त चालतं. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो प्लग मेला. स्वस्त मीटरच्या वायरींचाच काही अंश ओहम रोध असतो, तो आधी दोन्ही टोकं एकमेकांना लावून वजा करावा. चारही प्लग चांगले निघाले तर रिले (प्लगांना करंट जोडणारा स्विच), त्याचा फ्यूज किंवा कंट्रोलर पाहायचा. चारही प्लग एकाच रात्री मरत नाहीत, पण एक फ्यूज मात्र चौघांनाही एकदम बंद पाडतो.

आणि डॅशबोर्डवरचा हीटर प्लगचा पिवळा दिवा लागतो म्हणून प्लग तापतात असं समजू नये. बऱ्याच गाड्यांत तो नुसता ठरलेला वेळ मोजतो. प्लगपर्यंत करंट पोचतो की नाही, हे त्याला ठाऊकही नसतं.

"चारही बदलून टाका"

यातली जोखीम संदेश पुढे पाठवणाऱ्यांना माहीत नसावी. वर्षानुवर्षं हेडमध्ये बसलेला प्लग काजळी आणि गंजाने जाम होतो. गार इंजिनात जोर लावून फिरवला तर तो मधेच तुटतो, आणि मग उरलेला तुकडा काढायला प्रसंगी हेड उतरवावं लागतं. जाणता माणूस इंजिन गरम करतो, गंज सैल करणारं तेल आदल्या दिवसापासून मुरवतो, हाताने थोडं मागे थोडं पुढे करत प्लग सोडवतो. तरीही कधी कधी तुटतो. एवढी जोखीम मीटरचं एक रीडिंग न घेता पत्करायची?

नवा प्लग घेताना व्होल्टेज पाहावं. अलीकडच्या बऱ्याच इंजिनांचे प्लग 12 व्होल्टचे नसतात. ते पाच-सात व्होल्टचे असतात आणि कंट्रोलर त्यांना तुकड्यातुकड्याने करंट देतो. असा प्लग तपासण्यासाठी सरळ बॅटरीवर धरला तर तो जळू शकतो. "लाल होतो का बघ" ही जुनी चाचणी इथे अंगाशी येते.

"हॉर्न वाजतो म्हणजे बॅटरी ठीक"

संदेशातलं सर्वात महागात पडणारं वाक्य हेच. हॉर्नला काही अँपिअर पुरतात. सेल्फला शेकड्यांत लागतात, त्यात थंडीत प्रत्येक प्लग सुरुवातीला 10-20 अँपिअर ओढतो. थंडीत बॅटरीतलं रसायन मंदावतं आणि त्याच वेळी इंजिन ऑइल घट्ट झाल्याने क्रँकशाफ्ट फिरवायला जास्त जोर लागतो. दोन्हीकडून मार.

डिझेलचा खरा घोळ यापुढे आहे. पेट्रोल इंजिन हळू फिरलं तरी ठिणगी पडते. डिझेल हळू फिरलं की दाबलेली हवा रिंगांवरून निसटते आणि तिची उष्णता भिंतींना देऊन बसते. सेल्फ 'फिरतोय' असं कानाला वाटतं, पण पेटण्याएवढं तापमान काही होत नाही. मिनिटाला दीड-दोनशे फेऱ्यांच्या खाली गेलं की चारही नवे प्लग घालूनही उपयोग होत नाही. कॉमन रेलमध्ये आणखी एक अडचण : हाय प्रेशर पंप इंजिनावरच फिरतो, त्यामुळे सेल्फ मंद असला की रेलमधला दाबही उठत नाही.

म्हणून पहिलं माप बॅटरीचं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर सकाळी 12.6 व्होल्टच्या आसपास दिसावेत, 12.2 दिसले तर ती जेमतेम अर्धी भरलेली आहे. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून मीटर पाहावा. आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी संशयित. बॅटरीवर आकडा टिकतो पण सेल्फ रडतच फिरतो, तर बॅटरीचा ऋण (−) खांब आणि इंजिन ब्लॉक यांच्यात मीटर लावून पुन्हा सेल्फ मारावा. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आसपास किंवा जास्त दिसला तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलाय. सँडपेपर आणि पाना एवढ्यात काम होतं. ऑइलचा ग्रेडही पाहून घ्यावा. 5W-30 सांगितलेल्या इंजिनात थंडीत जास्त घट्ट होणारं 20W-50 ओतलेलं असेल तर सकाळी सेल्फची दमछाक होणारच.

संदेश ज्याबद्दल गप्प आहे

सेल्फ ठणठणीत फिरतोय, तरी गाडी उचलत नाही. अशा वेळी कुणाला तरी सायलेन्सरमागे उभं करा. पांढरा-राखाडी धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही, म्हणजे उष्णता कमी पडतेय : प्लग, सेल्फची गती किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेची दाबणी). धुराचा मागमूस नसेल तर डिझेल पोचतच नाही, आणि मग प्लगांकडे पाहण्यात अर्थ नाही. इतकी फुकट आणि इतकी उपयोगी खूण या सबंध संदेशात नसावी, याचं मला खरोखर नवल वाटतं.

डिझेल न पोचण्याचं नेहमीचं कारण म्हणजे लाइन 'एअर घेते'. फिल्टरच्या झाकणाचं ओ-रिंग, कडक झालेला पाइप, रिटर्नची (उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या नळीची) एखादी जोडणी रात्रभर सूतभर हवा आत घेते आणि डिझेल टाकीकडे परत उतरतं. सकाळी गाडी एकदा लागते, लगेच बंद पडते, मग बराच सेल्फ खाते. हे थंडीमुळे नाही, गाडी उभी राहिल्यामुळे होतं. ओळखायला सोपं : उन्हात आठ तास उभी ठेवून हाच त्रास झाला तर थंडी निर्दोष. सेल्फ मारण्याआधी हँड पंप मारला (असेल तर) आणि गाडी पटकन लागली, तर प्रकरण जवळजवळ मिटलंच. फिल्टरजवळ पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे दिसतात.

लाइनमध्ये हवा नाही, तर स्कॅनर (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) लावून सेल्फ मारताना रेलचा दाब पाहावा. दाब ठराविक पातळीला, साधारण दोनशे बारच्या आसपास, पोचेपर्यंत बहुतेक ईसीयू (इंजिनाचा संगणक) नोझलना उघडायला सांगतच नाहीत. झिजलेलं नोझल रिटर्नमधून डिझेल सोडत असेल तर दाब तिथेच अडकतो. प्रत्येक नोझलच्या रिटर्नला एकेक बाटली लावली की कोणती जास्त भरते ते दिसतं. स्कॅनर लागलेलाच आहे तर कूलंटचं तापमानही वाचा. रात्रभर उभ्या गाडीत ते बाहेरच्या हवेएवढंच असायला हवं. बाहेर 8 अंश आणि सेन्सर म्हणतोय 60, तर ईसीयू इंजिन गरम समजून प्लग तापवतच नाही. प्लग बिचारे चांगलेच असतात.

"अ‍ॅक्सिलरेटर दाबा, रॉकेल घाला, स्प्रे मारा"

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या काही गाड्यांच्या पुस्तिकेत पेडल दाबून स्टार्ट करा असं लिहिलेलं असे. कॉमन रेलमध्ये स्टार्टचं डिझेल ईसीयू मोजून देतो, पाय लावून त्यात भर पडत नाही.

रॉकेल मिसळल्याने डिझेलमधलं मेण उशिरा गोठतं, हे खरं. पण मेणाचा त्रास बहुधा वेगळा दिसतो : गाडी लागते, थोडी चालते आणि फिल्टर तुंबला की दम तोडते. त्यावर उपाय हिवाळी डिझेल आणि स्वच्छ फिल्टर. हाय प्रेशर पंपाचं वंगण म्हणजे खुद्द डिझेलच. रॉकेलात ते वंगण फार कमी. पंप खरवडला की त्याचा चुरा रेलमधून नोझलपर्यंत जातो.

स्टार्टिंग स्प्रे म्हणजे ईथर. ते डिझेलपेक्षा खूपच आधी पेटतं. लाल तापलेल्या प्लगवर ते आलं तर पिस्टन वर येण्याआधीच भडका उडतो आणि रिंग, पिस्टन, कनेक्टिंग रॉड यांपैकी काहीतरी मोडतं. हीटर प्लग असलेल्या गाडीला हा उपाय नकोच.

"दहा मिनिटं उभी ठेवून गरम करा"

डिझेल उभ्या उभ्या फार हळू तापतं, कारण भार नसताना ते जाळतंच कमी. अर्धा-एक मिनिट ऑइल फिरू द्यावं आणि कमी आरपीएमवर निघावं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या गाडीत रोजची ही दहा मिनिटं फिल्टरमध्ये काजळी साठवतात.

हे सगळं करून झालं, बॅटरी-डिझेल-प्लग-सेन्सर सगळं ठीक निघालं, तरच कॉम्प्रेशन टेस्टकडे वळावं. आणि मिस्त्रीकडे गाडी सकाळी चालवत नेऊ नये. गरम इंजिन त्याला काहीच दाखवणार नाही. आदल्या संध्याकाळी तिथेच सोडावी आणि पहिला सेल्फ सकाळी त्यालाच मारू द्यावा, मीटर लावून, सायलेन्सरमागे एक माणूस उभा करून.