सात जणांनी मिळून एका पोराचं लोहारकाम सोडवलं

आज डोकं फिरलंय. पोस्ट लांब होणार आहे, गेममधलं ज्यांना काही घेणंदेणं नाही त्यांनी खुशाल पुढे जावं.

आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे गेममधल्या आमच्या कंपूत, एक नवा पोरगा आलाय. गेम म्हणजे वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, ऑनलाइन, आणि त्यातलं जुन्या धाटणीचं क्लासिकच. पोराचं पात्र पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, लेव्हल तिशीच्या आसपास. दुपारी त्याने डिस्कॉर्डवर साधा प्रश्न विचारला, "ब्लॅकस्मिथिंग 140 झालंय. चालू ठेवू की बदलू?" (ब्लॅकस्मिथिंग म्हणजे लोहारकाम, 140 म्हणजे त्यातलं स्किल.) दहा मिनिटांत सात उत्तरं. चौघांनी तोच एक तक्ता चिकटवला, कुठल्या प्रोफेशनमधून, म्हणजे गेममधल्या धंद्यातून, तासाला किती गोल्ड (तिथला पैसा) सुटतं त्याचा. दोघांनी नुसते हसणारे चेहरे टाकले. एकाने लिहिलं, "लोहारकाम म्हणजे गोल्ड जाळायची भट्टी." मी कामात होतो, म्हटलं रात्री सावकाश लिहू. संध्याकाळी उघडतो तर पोराचा मेसेज : "सोडलं. हर्बलिझम घेतलं. थँक्स सगळ्यांना." हर्बलिझम म्हणजे झाडपाला खुडायचा धंदा.

थँक्स म्हणे!

खेळणाऱ्यांना माहीत आहे, इथे सोडलं म्हणजे सोडलं. मुख्य प्रोफेशन दोनच ठेवता येतात. एक टाकलं की स्किलही गेलं आणि शिकलेल्या रेसिपीही गेल्या. परत घ्यायचं तर 1 पासून सुरुवात. 140 पर्यंत येताना त्या पोराने किती तांबं आणि टिन खणून ब्राँझ केलं असेल, याचा त्या सात जणांपैकी एकाने तरी विचार केला का? नाही. तक्त्यात तो रकानाच नाही.

आता माझं सांगतो, म्हणजे मी एवढा का चिडलोय ते कळेल.

2019. क्लासिक नुकतं सुरू झालं होतं. मी पॅलाडिन, लोहारकाम आणि मायनिंग, म्हणजे खाणकाम. एक मित्र होता, वॉरियर आणि अल्केमिस्ट, म्हणजे औषधं करणारा, एका धातूचा दुसरा करणारा. त्याला अर्कनाइट रीपर हवी होती, ती भलीमोठी दोन हातांची कुऱ्हाड. तिला 20 अर्कनाइट बार, म्हणजे त्या धातूच्या विटा, लागतात. एका बारला एक थोरियम बार आणि एक अर्केन क्रिस्टल, आणि ते बनवतो अल्केमिस्ट. तेही एक केला की पुढच्यासाठी थांबायचं. तो म्हणाला, "बार मी जमवतो, कुऱ्हाड तू घडव." मी म्हटलं, "झालंच म्हणून समज." त्याने एकेक करत साठवायला सुरुवात केली. माझं स्किल तेव्हा 287.

287! 300 ला संपतं. शेवटचा टप्पा जीव काढतो, मान्य. रेसिपीचं नाव नारिंगी असेल तर वस्तू घडवली की पॉइंट नक्की, पिवळं झालं की बहुतेक वेळा, हिरवं झालं की कधीतरी, करडं झालं की विषय संपला. मी आयर्नफोर्ज शहरात ऐरणीपुढे उभा, हातोडा पडतोय, पट्टी भरतेय, थोरियम संपतंय आणि पॉइंट काही मिळत नाही. अशा एका रात्री मी तसलाच एक तक्ता वाचला. दुसऱ्या दिवशी स्किलच्या पट्टीशेजारचं ते छोटं लाल बटण दाबलं. गेम विचारतो बरं का, खरंच विसरायचं का, सगळ्या रेसिपी जातील. मी होय म्हटलं. अल्केमी घेतली. मित्राला सांगितलं नाही.

तक्तेवाल्यांचंही थोडं खरं आहे, तेवढं लिहून टाकतो. शिकणारा प्रत्येक लोहार पॉइंटांसाठी त्याच त्या वस्तू घडवून ऑक्शन हाऊसवर, म्हणजे गेममधल्या लिलावाच्या बाजारात, ओततो, म्हणून तयार माल कच्च्या बारांपेक्षा स्वस्त पडतो. वर विक्रीवर शहरातलं ऑक्शन हाऊस 5 टक्के कापतं. आतबट्ट्याचाच व्यवहार आहे. औषधाची बाटली प्यायली की संपते, म्हणून अल्केमिस्टकडे गिऱ्हाईक दर आठवड्याला परत येतं; तलवार एकदा घेतली की तो माणूस महिनोन् महिने फिरकत नाही. सुरुवातीला हाती पैसा हवा असेल तर मायनिंग-हर्बलिझम बरं. झालं समाधान?

पण मग सगळेच हर्बलिस्ट झाले की काय होतं ते बघा. एका झाडापाशी तिघं घिरट्या घालतायत. सगळ्यांना विकायचंय, आणि विकत घेणारा कोण? तो बिचारा, ज्याने तक्ता वाचला नाही तो! तुमच्या खाणीतल्या थोरियमला भाव मिळतो तो कुणीतरी मूर्खासारखा 287 वर अडून हातोडा हाणतोय म्हणून. त्यालाच हसताय? 

मी अल्केमीत कमावलं, खोटं बोलत नाही. 300 करून फ्लास्कही केले, म्हणजे सगळ्यांत भारी औषधं. फ्लास्क ऑफ द टायटन्सला 30 ग्रॉम्सब्लड, 10 स्टोनस्केल ऑइल आणि एक ब्लॅक लोटस लागतं, आणि तो कुठेही बसून होत नाही. स्कोलोमन्स नावाच्या शत्रूंनी भरलेल्या जागेतल्या त्या लॅबपाशी जावं लागतं, म्हणजे वाटेतलं सगळं मारून नेणारी चार माणसं हवीत. चांगलं काम आहे. मजा आली. पण चाळीस जणांच्या रेडमध्ये, म्हणजे मोठ्या मोहिमेत, फ्लास्क पिणाऱ्याला तो कुणी केला याच्याशी काही देणंघेणं नसतं. असूही नये.

कुऱ्हाडीचं तसं नाही. घडवलेल्या शस्त्रावर माउस नेला की खाली हिरव्या अक्षरांत घडवणाऱ्याचं नाव येतं.

तर तो मित्र एका रात्री आला, ट्रेडची चौकट उघडली आणि त्यात 20 अर्कनाइट बार ठेवले. लेदर, ग्राइंडिंग स्टोन, सगळं सोबत. काहीच बोलला नाही, नुसते ठेवले. मी किती वेळ ती चौकट बघत बसलो आठवत नाही. मग लिहिलं, "अरे, मी लोहारकाम सोडलं." तो म्हणाला, "बरं." चौकट बंद झाली. भांडला असता तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी त्याच्याकडे कुऱ्हाड होती. मी माउस नेऊन बघितला, कोडगेपणाच म्हणायचा. कुणा अनोळखी लोहाराचं नाव होतं.

कुणी म्हणेल, गेम आहे, एवढं काय. गेमच आहे. म्हणून तर म्हणतोय, नफातोटा बघायला बाहेर सगळं आयुष्य पडलंय. इथे तरी माणसाने ऐरणीचा आवाज आवडतो म्हणून लोहार व्हावं की नाही? एंचांटर व्हा, लोकांच्या शस्त्रांवर जादू चढवा, गावभर ओरडत गिऱ्हाईक शोधा. टेलर व्हा, पिशव्या शिवा, पिशवी प्रत्येकाला लागते. इंजिनिअर होऊन स्वतःच्याच बॉम्बने उडा! कुणाचा कुठे जीव रमतो हे त्या तक्त्यातून मला काढून दाखवा, मी आजच्या आज माफी मागतो.

(मधे जेवायला उठलो होतो. जरा शांत झालोय.)

त्या सात जणांचं वाईट चिंतत नाही मी, चौघं तर चांगले मित्र आहेत आणि ते हे वाचतायत. पोराचं गोल्ड वाचावं म्हणूनच सांगितलं असेल. आणि खरं सांगायचं तर दुपारी दोन ओळी मी लिहिल्या असत्या तर हे झालंच नसतं. रात्री सावकाश लिहू म्हणे.

आत्ता त्याला खाजगीत मेसेज केला. विचारलं, लोहारकाम घेतलं कशासाठी होतंस? म्हणाला, "मला माझा हातोडा स्वतः बनवायचा होता." मग विचारतो, "दादा, परत घेऊ का? वेडेपणा होईल का?" म्हटलं, होईल. घे.

घेतलंय त्याने. स्किल 1. तर आपल्या सर्व्हरवर कुणाकडे बँकेत तांबं, टिन, रफ स्टोन पडून असेल तर मला मेल करा, मी त्याच्याकडे पोचवतो. ऑक्शनच्या भावाने पैसे देईन, अल्केमीचं गोल्ड आहेच. कॉमेंटमध्ये तक्ता टाकणाऱ्याला उडवणार आहे.