‘थोडी घेतली तर शुगर होत नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी

नाशिकमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना एक वाक्य सारखं कानावर पडतं: "मॅडम, रोज थोडी दारू घेणाऱ्यांना डायबेटिस कमी होतो, हे सिद्ध झालंय ना?" विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे असतात. आईला किंवा वडिलांना शुगर असते, स्वतःचा रिपोर्ट सीमारेषेवर आलेला असतो आणि मनातून ते घाबरलेले असतात. त्यांना उडवून लावावं असं मला कधीच वाटत नाही, कारण हे वाक्य हवेतून आलेलं नाही. त्यामागे खरोखरचा अभ्यास आहे. पण तो आपल्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातलं महत्त्वाचं सगळं गळून पडलंय, म्हणून हा लेखनप्रपंच.

हा अभ्यास डेन्मार्कचा. २०१७ साली ‘डायबेटोलॉजिया’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. सुमारे ७० हजार डॅनिश लोकांना त्यांच्या पिण्याच्या सवयी विचारल्या आणि पुढची पाचेक वर्षं कोणाला डायबेटिस होतो ते पाहिलं. आठवड्याला १४ ड्रिंक घेणाऱ्या पुरुषांमध्ये आणि ९ ड्रिंक घेणाऱ्या बायकांमध्ये धोका सगळ्यात कमी दिसला. अजिबात न पिणाऱ्यांच्या तुलनेत पुरुषांमध्ये ४३ टक्के, बायकांमध्ये ५८ टक्के कमी. शिवाय आठवड्यातून तीन-चार दिवस विभागून घेणाऱ्यांचे आकडे क्वचित घेणाऱ्यांपेक्षा बरे होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते इथपर्यंतच.

आता त्यातली ‘ड्रिंक’ म्हणजे किती? डेन्मार्कच्या हिशेबात एका ड्रिंकमध्ये १२ ग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलीचा एक पेग म्हणजे साधारण २० ग्रॅम. एक क्वार्टर म्हणजे ६० ग्रॅम. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ४० ग्रॅमच्या पुढे जाते. म्हणजे त्या ‘१४ ड्रिंक’चे आपल्याकडे आठवड्याला जेमतेम आठ पेग होतात, आणि बायकांच्या ९ ड्रिंकचे पाच. "आपली काय, शनिवारची एक क्वार्टर" असं म्हणणारा माणूस एका बैठकीत डॅनिश हिशेबाच्या पाच ड्रिंक संपवतो. विभागून घेणं ते हे नव्हे.

आणि घेतलं काय, तेही बघा. त्या अभ्यासात दिसलेला फायदा मुख्यतः वाइनचा, पुरुषांमध्ये थोडा बिअरचाही. व्हिस्की, रम, व्होडकासारख्या कडक दारूचा पुरुषांना फायदा दिसला नाही. बायकांमध्ये तर आठवड्याला सात किंवा जास्त कडक ड्रिंक घेणाऱ्यांचा धोका ८३ टक्क्यांनी वाढलेला होता. आपल्या राज्यात संध्याकाळी दुकानासमोर उभं राहून बघा, लोक काय घेऊन जातात. नाशिकला द्राक्षाच्या बागा कितीही असोत, घराघरात पोचते ती व्हिस्की, रम आणि देशी.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे. २०१५ साली जगभरच्या ३८ अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले गेले. एकूण माणसं १९ लाखांच्या आसपास. दिवसाला १०-१४ ग्रॅम अल्कोहोल घेणाऱ्यांमध्ये डायबेटिसचा धोका १८ टक्क्यांनी कमी दिसला खरा, पण खोलात गेल्यावर तो फायदा फक्त बायकांमध्ये आणि आशियाई नसलेल्या लोकांमध्ये उरला. पुरुषांमध्ये नाही, आशियाई लोकांमध्ये नाही. जो प्रश्न मला विचारला जातो तो विचारणारा जवळजवळ नेहमी पुरुष असतो आणि अर्थातच भारतीय असतो. त्याच्यासाठी या अभ्यासात काहीही नाही.

असं का, याचा विचार करताना मला पुण्याचे मधुमेह-संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आठवतं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून चरबी, आणि तीही पोटाभोवती. आपल्यातल्या असंख्य लोकांची ठेवण अशीच आहे. अशा शरीरात अल्कोहोलच्या दर ग्रॅममागे सात कॅलरी जातात, सोबत शेंगदाणे, चिवडा, तळलेलं चिकन जातं, लिव्हरवर चरबी चढते, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढते. म्हणून डॅनिश माणसाच्या जेवणातला वाइनचा ग्लास आणि आपली बैठक या दोन गोष्टी मी एका मापाने मोजायला तयार नाही.

मुळात हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत, म्हणजे लोक आपापल्या सवयीने जे करतात ते फक्त पाहिलेलं. ज्या समाजात जेवताना थोडी वाइन घेणं सर्वसाधारण आहे, तिथे न पिणाऱ्यांमध्ये आजारपणामुळे सोडलेले लोकही मोजले जातात. बेताने पिणारा माणूस बऱ्याचदा शिकलेला, खाऊनपिऊन सुखी, व्यायाम करणारा असतो. मग श्रेय वाइनचं की त्या आयुष्याचं? याचा निकाल लावायला अमेरिकेत एक मोठा प्रयोग सुरू झाला होता. काही हजार लोकांना चिठ्ठ्या टाकून ‘रोज एक ड्रिंक’ आणि ‘अजिबात नाही’ अशा गटांत विभागायचं होतं. त्यासाठी दारू कंपन्यांचा पैसा कसा मागितला गेला हे बाहेर आलं आणि जून २०१८ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने तो बंद केला. मला याचा फार राग येतो. एका खऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर मिळायची संधी पैशापायी गेली.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या अहवालाप्रमाणे देशात १० कोटींवर लोकांना डायबेटिस आहे, १३ कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये सगळ्यात जास्त प्रमाण गोव्याचं, २६.४ टक्के. याचा दोष मी दारूवर टाकत नाही, कारणं अनेक आहेत. पण एवढे लोक काठावर उभे असताना ‘घे थोडी, बरंच आहे’ हा सल्ला कोणी देऊ नये. दारू कॅन्सरला कारणीभूत ठरते हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९८८ सालीच सांगितलंय. एका आजाराचा संशयास्पद फायदा दाखवून बाकीच्यांचा धोका घरात आणायचा, हे मला पटत नाही.

जे आवडीने घेतात त्यांच्याशी माझं भांडण नाही. आवड म्हणून घ्या, पण औषध म्हणून सुरू करू नका.

आणि ज्यांना आधीच शुगर आहे, त्यांच्या घरच्यांनी हे जरूर वाचा. आमचे एक दीर ग्लिमेपिराइड ही शुगर खाली आणणारी गोळी घेतात. एका रात्री कार्यक्रमात दोन पेग झाले, गप्पांत जेवण राहून गेलं. घरी आल्यावर बरळायला लागले, पाय लटपटत होते. सगळ्यांना वाटलं जास्त झाली, झोपू द्या. जाऊबाईंनी कपाळाला हात लावला तर घाम. मशीनवर शुगर पन्नासच्या खाली. शुद्धीवर होते म्हणून साखरपाणी पाजता आलं.

पोट रिकामं असताना लिव्हर साखर तयार करून रक्तात सोडत असतं. दारू तेच काम अडवते. त्यात इन्सुलिन किंवा अशा गोळीचा परिणाम चालू असला की शुगर धडाधड खाली येते, कधी कधी तर दुसऱ्या दिवशी सकाळी. आणि लक्षणं हुबेहूब पिलेल्या माणसासारखी. तेव्हा अशा माणसाने घेतलीच असेल तर उपाशी झोपू देऊ नका, झोपण्याआधी शुगर तपासा, उठल्यावर पुन्हा तपासा. घाम, थरथर, बरळणं दिसलं तर "चढली असेल" म्हणून सोडून देऊ नका. गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या आणि तिथे गोळीचं नाव आणि किती घेतली होती, दोन्ही न लाजता सांगा.