‘आधी अभ्यास करा, मग लिहा’ या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, प्रतिक्रिया वाचली. खालीच उत्तर देणार होतो पण लांबत गेलं म्हणून वेगळं टाकतोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: सैन्यं खासगी कंपन्यांचे सॅटेलाइट वापरायला लागली की लढाईतला एक स्विच कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसतो, असं मी लिहिलं होतं, आणि उदाहरण दिलं होतं इलॉन मस्कच्या स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंकचं, म्हणजे सॅटेलाइटवरून मिळणाऱ्या इंटरनेटचं, जे रशियाच्या ताब्यातल्या क्रिमियात युक्रेनला नाकारलं गेलं. त्यावर साहेब म्हणतात, "मस्कने क्रिमियात स्टारलिंक बंद केलं ही थाप आहे, ते तिथे चालूच नव्हतं, एवढंही माहीत नसणाऱ्या पेपरवाचू तज्ज्ञांनी आधी अभ्यास करावा." शिवाय भाड्याचे उपग्रह ही जुनीच गोष्ट, एन्क्रिप्शन असतं, आणि युक्रेनकडे दुसरा पर्याय काय होता, असंही आहे.

पेपरवाचू. बरं. मुद्दा खोडायचा तर खुशाल खोडा, पण समोरचा काय वाचतो आणि काय नाही याची झडती घ्यायचं तुम्हाला कोणी सांगितलं? आणि झडती घ्यायचीच तर आधी लेख तरी नीट वाचायचा. ‘बंद केलं’ असं मी कुठेही लिहिलेलं नाही, ‘नाकारलं’ लिहिलंय, तिसऱ्या परिच्छेदात आहे, जाऊन बघा.

आता ‘चालूच नव्हतं’ म्हटलं की सगळं मिटलं असं तुम्हाला का वाटतं तेच मला समजत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये युक्रेनच्या सागरी ड्रोन बोटी क्रिमियातल्या सेव्हास्टोपोल बंदरातल्या रशियन आरमाराकडे निघाल्या होत्या. वर्षभराने मस्कने स्वतःच पोस्ट टाकून सांगितलं, की सेव्हास्टोपोलपर्यंत कव्हरेज सुरू करा अशी सरकारी यंत्रणांकडून तातडीची विनंती आली होती, आणि ती मान्य केली असती तर आपली कंपनी युद्धाच्या एका मोठ्या कृत्यात सामील झाली असती. मस्कच्या चरित्रकाराने पुस्तकातलं ‘बंद केलं’ हे आपलं विधान त्यानंतर दुरुस्त केलं, तेही मला माहितीये, धन्यवाद. पण मग झालं काय? एका सैन्याची मोहीम एका कंपनीच्या मालकाच्या होकारावर येऊन थांबली. पाणी तोडलं काय आणि नळच दिला नाही काय, घागर रिकामीच ना? बोटीवरच्या टर्मिनलला नेटवर्क का नाही, याच्याशी त्या बोटीला काही देणंघेणं नसतं.

आणि हो, अभ्यासाचं निघालंच आहे म्हणून सांगतो, एरवी सांगितलं नसतं. मी बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर ईटीओ, म्हणजे विजेची आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सांभाळणारा अधिकारी, होतो. डोममधल्या सॅटेलाइट अँटेनाला जायरोचा, म्हणजे जहाजाची दिशा सांगणाऱ्या यंत्राचा, फीड बरोबर मिळतोय का इथपासून सगळं माझ्या गळ्यात. एकदा भर समुद्रात व्हीसॅट, म्हणजे जहाजाचं सॅटेलाइट इंटरनेट, गेलं. केबल तपासली, डोम उघडला, कंट्रोलरवर सिग्नल लॉक दिसतोय आणि इंटरनेट शून्य, कॅप्टन डोक्यावर उभा. शेवटी सॅट-सी या वेगळ्या सॅटेलाइट मेसेज यंत्रणेवरून ऑफिसला मेसेज टाकला तेव्हा कळलं की तो भाग आमच्या प्लॅनमध्ये नाही म्हणून प्रोव्हायडरने आमचं टर्मिनल तिथे अडवलंय. मशीन आमचं, वीज आमची, आकाश मोकळं, आणि निर्णय भलतीकडे. तिथे फक्त क्रूचे घरचे फोन अडले, म्हणून चाललं. हे मी पेपरात वाचलेलं नाही, साहेब.

एक मान्य करतो. जून २०२३ पासून पेंटागॉनने युक्रेनसाठी स्टारलिंकचं रीतसर कंत्राट केलं, ते मी एका ओळीत उरकलं, दोन ओळी द्यायला हव्या होत्या. पण कंत्राटाने बिल कोण भरणार ते ठरतं, नेटवर्क चालवते कंपनीच. त्याच वर्षी फेब्रुवारीत स्पेसएक्सच्या अध्यक्ष ग्विन शॉटवेल बोलल्याच होत्या, की ही सेवा शस्त्र म्हणून वापरण्यासाठी नव्हती आणि ड्रोनसाठीच्या वापरावर आम्ही मर्यादा आणल्यात. आणि २४ जुलै २०२५ ला तर कोणी काही नाकारलंही नाही, कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला आणि स्टारलिंक जगभर अडीच तास बसलं, त्यात युक्रेनची आघाडीही आली. त्याचं कलम कुठल्या कंत्राटात आहे ते दाखवा.

बाकीचं पटकन. भाड्याचे उपग्रह जुनेच, मान्य, डिसेंबर २००० मध्ये इरिडियम या बुडत्या सॅटेलाइट फोन कंपनीला अमेरिकेच्या संरक्षण खात्याने दोन वर्षांसाठी ७.२ कोटी डॉलरचं कंत्राट देऊन तारलं, मग? तिथे सरकार कंपनीला वाचवत होतं, इथे सरकार कंपनीला विनंती करतंय. एन्क्रिप्शन: २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे व्हायासॅट या कंपनीच्या केए-सॅट या सॅटेलाइट इंटरनेट नेटवर्कवर हल्ला झाला तेव्हा कोणी कोड फोडत बसलं नाही, ग्राहकांचे हजारो मोडेमच निकामी केले, आणि जर्मनीतल्या ५८०० पवनचक्क्यांचं दुरून होणारं नियंत्रण गेलं. त्या पवनचक्क्या काय युद्धात होत्या?

युक्रेनला पर्याय काय होता, हा माझ्या लेखाचा विषयच नव्हता. त्यावर तुम्हीच लिहा, अभ्यास झालाच आहे तुमचा. पुढची प्रतिक्रियाही छापेन, फक्त ‘पेपरवाचू’ वगैरे असेल तर तेवढं कापून.