काळा दिसला तरी हिराच

नमस्कार. माझ्या लेखावर इतकं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. तुमचे आक्षेप दोन. रनेसाँसच्या (युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या) चित्रांतल्या काळ्याशार खड्यांना मी हिरे म्हटलं, ते हिरे असूच शकत नाहीत. आणि दागिन्यांत अर्थ शोधणं हा नंतरच्यांचा उद्योग. त्या श्रीमंतांना फक्त ऐट मिरवायची होती.

ऐटीचं मान्य. ‘प्रत्येक खड्याला अर्थ असायचा’ हे माझं वाक्य जास्तच झालं. ‘प्रत्येक’ काढून टाकलाय.

काळ्या खड्यांवरून मात्र हटणार नाही. तुमची तीन पिढ्यांची सराफी, तेव्हा हिरा म्हटला की लखलखाट आठवणारच. पण तो लखलखाट पैलूंचा, आणि ब्रिलियंट कट (हिऱ्याला पुष्कळ पैलू पाडायची पद्धत) आला सतराव्या शतकात. त्याआधी खाणीतला आठ अंगांचा खडा (बहुतेक आपल्याच देशातून गेलेला) टोकदारच ठेवून घासायचे, नाहीतर वरचं टोक झिजवून सपाट करायचे. आत गेलेला उजेड धड परत येत नाही. त्यात कोंदण मागून बंद. वर आणखी गंमत म्हणजे चेल्लिनी या इटालियन सोनार-शिल्पकाराने १५६८ साली छापलेल्या सोनारकामाच्या ग्रंथात दिव्याची काजळी आणि मस्तकीचा डिंक कालवून हिऱ्याखाली द्यायचा लेप सांगितलाय. काळा दिसणार नाही तर काय!

मग त्याला एवढा भाव का? कारण तो सहजी झिजत नाही. फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याचं एक चिन्ह हिऱ्याची अंगठी, सोबत शब्द ‘सेम्पेर’, म्हणजे ‘सदैव’. चित्रकार बोत्तिचेल्लीच्या ‘पॅलास आणि सेंटॉर’ या चित्रात पॅलास देवीचं झिरझिरीत वस्त्र जरा मोठं करून बघा: एकमेकींत अडकवलेल्या अंगठ्या, आणि त्यांवर टोकदार हिरे. १४७५ साली इटलीतल्या पेझारोला कोस्तान्झो स्फोर्झा आणि कामिल्ला द’आरागोना यांचं लग्न झालं. त्या सोहळ्याच्या हस्तलिखितात विवाहदेवतेच्या झग्यावरही हिऱ्याच्या अंगठ्या आहेत, आणि दोन मनं एका हिऱ्याने बांधली गेली अशा अर्थाच्या ओळी. हा अर्थ नंतर कुणी चिकटवलेला नाही, ज्यांचं लग्न त्यांच्याच दारी लिहिला गेलाय.

तुमच्याकडे जुन्या मोडीत कधी परब (सपाट घडणीचा) हिरा आला, तर बंद कोंदणात असतानाच खिडकीपासून दूर धरून बघा. कसा दिसला ते इथेच लिहा.