फिट आली की आधी चप्पल शोधा

घरात कुणाला फिट येत असेल, तर पहिली गोष्ट म्हणजे तिला फिट म्हणू नका. 'चक्कर येते' म्हणा. 'बीपी लो होतं' हेही खपतं. शेजारच्या काकूंना 'उपास सोसत नाही तिला' असं सांगितलं, तर वर पुण्यही पदरात पडतं. आमच्या ताईला अकराव्या वर्षापासून उपास सोसत नाही. तिने आयुष्यात एकही उपास धरलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रत्यक्ष फिट आली की सगळ्यांनी मिळून तिच्यावर बसायचं. एकाने हात धरायचे, एकाने पाय. मेंदूत उठलेलं विजेचं वादळ काकांच्या गुडघ्याला घाबरतं, असा आमचा अनुभव आहे. मग चप्पल. ती कातडीचीच लागते, आणि हल्ली घरात सगळ्या रबरी, त्यामुळे शोधाशोधीत दोन मिनिटं जातात. तोवर कुणीतरी कांदा फोडतं, कुणी मुठीत किल्ल्या कोंबतं. बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपले आपण थांबतात. थांबताना जे नाकाशी असेल त्याला श्रेय द्यायचं. आमच्याकडे कांदा बराच आघाडीवर आहे.

दातखीळ बसली तर चमचा घाला. जीभ गिळली जाते म्हणतात. जीभ कुणालाच गिळता येत नाही, पण चमचा घातला की पुढचा दात मात्र हमखास तुटतो. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण चमचा माझ्याच हातात होता. त्याच्या कडेला अजून पोचा आहे. ताई त्याला 'माझा चमचा' म्हणते आणि पोहे त्यानेच खाते.

घड्याळाकडे चुकूनही बघू नका. झटका पाच मिनिटांच्या वर गेला तर तडक दवाखाना गाठायचा असतो, पण ते वेळ मोजणाऱ्यांसाठी. आपण डॉक्टरांना 'अर्धा तास चालली हो' असं ठोकून द्यायचं. डोक्याखाली घडी केलेला टॉवेल सारायचा, आजूबाजूची टेबलं-खुर्च्या हलवायच्या, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं आणि भानावर येईपर्यंत शेजारी बसून राहायचं, याला काय उपचार म्हणतात? पाहुण्यांसमोर शोभेल असं काहीतरी हवं.

आता लग्न. हिंदू विवाह कायद्यातली फिटची आडकाठी 1999 साली निघाली, पण मावशीपर्यंत राजपत्र पोचायचंय. तिचा सल्ला एकच, सांगायचं नाही. ताईच्या साखरपुड्याला गोळ्यांची पट्टी शबनमच्या तळाशी रुमालात गुंडाळून ठेवली होती. आदल्या रात्री मेंदीसाठी दोनपर्यंत जागरण, सकाळी चारचौघांत पट्टी काढायची चोरी, म्हणून गोळी राहिली. झोपमोड आणि चुकलेली गोळी, फिटला आमंत्रण द्यायला आणखी काय लागतं? अक्षताही नकोत. ती बारा वाजता आली, हॉलभर लोकांसमोर. साखरपुडा मोडला आणि मावशी म्हणाली, 'बघा, दृष्ट लागली.' गोळी वाल्प्रोएटची होती, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या फिटवरच्या औषधाची. दिवस राहण्याआधी ती बदलायची की कसं, हे डॉक्टरांशी बोलावं लागतं. पण जो आजार नाहीच, त्याबद्दल बोलणार कोण?

दवाखान्यात तर ताईला तोंड उघडू देऊच नका. डॉक्टर तिला विचारतात, 'झोप कशी लागते?' आई सांगते, 'छान लागते तिला.' ताई चौतीस वर्षांची आहे, बँकेत कर्जाच्या फायली बघते.

तिने आजवर आमच्याकडे एकच मागणं केलंय. शुद्धीवर येते तेव्हा गर्दी नको, आणि सलवार ओली झाली असेल तर कुणी यायच्या आत अंगावर चादर टाका. इतकं साधं काम आम्हाला कसं जमावं? आम्ही तेव्हा चप्पल शोधत असतो.

परवा मात्र मी मोबाइलवर वेळ लावली. एक मिनिट चाळीस सेकंद. चादर टाकली, दार लोटून घेतलं. काका फोडलेला कांदा घेऊन दाराबाहेर ताटकळत उभे. ताई तासभर झोपली, उठली, भिंतीकडे बघत बसली. मग नाक मुरडून म्हणाली, 'चातुर्मासात कांदा कुणी आणला घरात?'