‘गावात बसून’ या दोन शब्दांविषयी

महोदय,

उशिरा बोलणाऱ्या मुलांविषयीच्या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप तीन आहेत: अडीच वर्षांच्या माझ्या मुलाला ॲप्रॅक्सियाचे, म्हणजे बोलण्यासाठी लागणाऱ्या हालचाली मेंदूला जुळवता न येण्याच्या दोषाचे, निदान झाले असे मी लिहिले, घरच्या सरावाला अवाजवी महत्त्व दिले, आणि चुकीच्या सरावाने चुकीचे उच्चारच पक्के होतात हे सांगितले नाही. पहिला आक्षेप मान्य आहे. मूल पुरेसे बोलतच नसेल, तर त्या वयात वाचातज्ज्ञ सहसा निदान न करता शक्यता नोंदवतात. आमच्या कागदावरही ‘शक्यता’ हाच शब्द होता. लेखात दुरुस्ती केली आहे.

परंतु ‘गावात बसून असले सल्ले देणे सोपे असते’ हे आपले वाक्य मी सोडून देणार नाही. आमच्या गावातून यवतमाळला जाणारी एस.टी. सकाळी साडेसहाला निघते. वाचातज्ज्ञांसमोर मुलगा अर्धा तास बसतो आणि त्या अर्ध्या तासापायी माझा अख्खा दिवस जातो. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडते ती वेगळीच. आपल्याकडे रिक्षा दारात येत असेल, आनंद आहे. वाचातज्ज्ञांपर्यंत पोहोचण्याआधीचे वर्ष ‘जीभ जड आहे, वेखंड उगाळून चाटवा’ आणि ‘त्याचा बाप बी उशिराच बोलला’ हे ऐकण्यात गेले. एका डॉक्टरांनी तर कानाची तपासणीही न सुचवता परत पाठवले. ती आम्ही आपण होऊन करून घेतली, आणि ऐकू स्वच्छ येते हे कळल्यावरच पुढची वाट सापडली.

माझा मुलगा पाण्याला सकाळी ‘पाई’ म्हणायचा, दुपारी ‘आनी’, आणि रात्री नुसताच ओठ चाचपडत राहायचा. जिभेत ताकद नव्हती असे नाही, भाकर तो व्यवस्थित चावत होता. ओठ-जिभेच्या हालचालींचा क्रम मेंदूला जुळवता येत नव्हता. हा क्रम थोड्या थोड्या वेळाने, पुष्कळदा म्हणूनच बसतो, मग आठवड्यातल्या अर्ध्या तासात तो कसा बसावा? म्हणून वाचातज्ज्ञांनीच पाच शब्द ठरवून दिले. मी त्याला समोर बसवते, ‘माझ्या तोंडाकडे बघ’ म्हणते, दोघे मिळून ‘पा...णी’ सावकाश म्हणतो. मग मी आवाज काढून घेते, ओठ तेवढे हलवते, आणि शेवटी तेही थांबवते. याला आपण ‘घरगुती प्रयोग’ म्हणालात.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल इतकेच, की यादीबाहेरचा शब्द मी घेत नाही. लेखात ते लिहिले नव्हते हे खरे, पण विचारले असते तर सांगितले असते. मुलांची आरोग्य तपासणी करणारा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून असल्याची आठवणही आपण करून दिलीत. अंगणवाडीत त्या कार्यक्रमाचे पथक आले त्या दिवशी मुलगा तापाने घरी होता.