मरणाऱ्याला विचारलं कोणी?

बहुतांच्या भल्यासाठी बळी देणाऱ्या काल्पनिक पात्रांवरच्या तुमच्या लेखात ओझिमँडियासला फारच झुकतं माप दिलंय. ‘वॉचमेन’ या कॉमिकमध्ये तो अणुयुद्ध टाळायला न्यूयॉर्कमधली लाखो माणसं मारतो, तेही गुपचूप. हिशेब जमला म्हणून हक्क येतो काय? आम्ही सांगलीकर. कोयनेतून पाणी सोडलं की कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी बघत बसतो, ४० फुटांवर इशारा, ४५ ला धोका. धरणासाठी पाणी सोडावंच लागतं, त्यात घरं बुडतात, मान्य. पण आधी भोंगा लावून गाडी फिरते, म्हशी सोडवून वर नेता येतात. हा ओझिमँडियास गडी सगळं उरकल्यावर सांगतो! मार्व्हलच्या सिनेमातल्या खलनायक थानोसचं सोडाच, चुटकीसरशी निम्मं विश्व साफ. त्याच ‘इन्फिनिटी वॉर’ सिनेमातला नायकांपैकी एक, व्हिजन, मात्र थानोसला रोखायला स्वतःचाच जीव द्यायला तयार होता. त्याच्यावर लेखात एक ओळ नाही?